वाड्याच्या दर्शनी भागाला हात लावायचाय? परवानगी अशी मिळवा

आमचा वाडा पुण्यातल्या एका पेठेत आहे. रस्त्याकडच्या बाजूला लाकडी सज्जा, वर कौलं, खाली दोन दुकानं. एका पावसाळ्यात सज्ज्याखालच्या तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजलं आणि कठडा रस्त्याच्या बाजूला कलू लागला. ठेकेदार म्हणाला, "दुरुस्तीला कसली परवानगी?" दुसऱ्याच दिवशी त्याच्या माणसांनी गिलावा खरवडायला घेतला, आणि चौथ्या दिवशी काम थांबवण्याची नोटीस आली. तिथून रीतसर परवानगी हातात पडेपर्यंत दोन पावसाळे गेले. सज्जा तेवढे दिवस टेकूंवर उभा होता. त्यातला बराच वेळ आमच्या अजाणतेपणामुळे गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या, वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तूंबाबत महापालिकेला सल्ला देणाऱ्या वारसा समितीला दुरुस्तीचं वावडं नसतं. आज तिथे काय आहे हे न दाखवता आपण "नवीन करून घेतो" म्हणतो, तिथे घोडं अडतं. म्हणून तुमचा पहिला पैसा आणि पहिला महिना जे उभं आहे ते कागदावर आणण्यात घाला.

१. घर नेमकं कुठल्या नियमाखाली येतं ते शोधा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "आमचं घर हेरिटेजमध्ये आहे" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात, आणि तिन्हींची कार्यालयं वेगळी आहेत.

पहिली शक्यता, घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे. यादीतल्या वास्तूंना श्रेणी असते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, दुसरीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या, आणि तिसरीत शहराच्या रूपाला शोभा आणणाऱ्या. मुंबईत दुसऱ्या श्रेणीचे पुन्हा २अ आणि २ब असे भाग आहेत. श्रेणी जितकी वरची तितका बदलाला वाव कमी. पहिल्या श्रेणीत इमारतीचं आयुष्य वाढवण्यासाठी लागेल तेवढाच हस्तक्षेप चालतो, तिसऱ्या श्रेणीत बाहेरचे आणि आतलेही बदल साधारणपणे मान्य होतात, पण ते मूळ वास्तूशी सुसंगत हवेत.

दुसरी शक्यता, तुमचं घर स्वतः यादीत नाही, पण ते ज्या गल्लीत आहे ती सगळी गल्लीच वारसा परिसर म्हणून नोंदलेली आहे. कागदावर याला हेरिटेज प्रिसिंक्ट म्हणतात. गिरगावातली खोताची वाडी हे याचं ओळखीचं उदाहरण. अशा ठिकाणी तुमच्या घराचं वय किंवा कलाकुसर हा एकच प्रश्न नसतो. रस्त्यावर उभं राहिल्यावर ओळीतली घरं एकत्र कशी दिसतात हेही बघितलं जातं. शेजारच्या घरांची उंची, छपराचा उतार, सज्ज्यांची रेषा, सगळं मोजलं जातं.

तिसरी शक्यता अगदी वेगळी आहे. जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असलं, पुण्यात शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर लेणी आहेत तसं, तर १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. त्यात २०१०च्या दुरुस्तीने ठरलेली अंतरं पाठ करून ठेवा. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर हद्दीपासून मोजतात, स्मारकाच्या भिंतीपासून नाही. माझ्या मावशीने स्वतः टेप धरून अंतर मोजलं होतं आणि आपण शंभर मीटरच्या बाहेर आहोत असं समजून ती निर्धास्त होती. संरक्षित हद्द भिंतीच्या बरीच पुढे निघाली.

एकच घर यादीतही असू शकतं आणि स्मारकाच्या जवळही. मग दोन्ही परवानग्या लागतात. एक मिळाली म्हणजे दुसरी माफ होत नाही.

शोध कुठून सुरू करायचा? महापालिकेच्या वारसा विभागात किंवा बांधकाम परवानगी विभागात आपला सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा. नुसता पेठेचा घर क्रमांक सांगून भागत नाही. आणि उत्तर लेखी मागा. खिडकीवरच्या माणसाने तोंडी सांगितलेलं "तुमचं नाही यादीत" पुढे कामाला येत नाही. कुठली नियमावली लागू होते तेही विचारून घ्या. मुंबईला विकास नियंत्रण नियमावली २०३४ आहे, राज्यातल्या बहुतेक बाकीच्या शहरांना २०२०ची एकत्रित नियमावली आहे. वारशाची कलमं दोन्हींत आहेत. मुळात हे नियम आले ते मुंबईत, १९९५ साली.

२. कुठल्या कामाला परवानगी लागते?

थोडक्यात, जवळजवळ सगळ्या. १९९५च्या मुंबईच्या नियमांतच दुरुस्ती, रंगकाम, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं आणि कुठलाही भाग पाडणं, या सगळ्याला आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल असं लिहिलेलं होतं. रंगालाही परवानगी लागते हे ऐकून आमच्या घरात कोणाचा विश्वास बसला नव्हता.

नेहमी अडकवणारी कामं सांगते: लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवणं, कौलं काढून पत्रा घालणं, सज्जा काचेने बंद करून खोली करणं, दर्शनी भिंतीवर एसीचं बाहेरचं यंत्र, रस्त्यावरून दिसणारी पाण्याची टाकी, दुकानाची मोठी पाटी. यातल्या बऱ्याच गोष्टींना मार्ग निघतो. टाकी मागच्या उतारावर जाते, एसीचं यंत्र वाड्याच्या आतल्या चौकात लागतं. पण आधी विचारलं तर.

एक जुना गैरसमज इथेच दूर करते. घराच्या आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही, अशी सवलत १९६६च्या नगररचना कायद्यात आहे. ठेकेदार तिचाच दाखला देतात. मात्र वारसा इमारती आणि वारसा परिसर या सवलतीतून वगळलेले आहेत.

शंभर मीटरच्या आत असाल तर आणखी एक शब्द नीट समजून घ्या. तिथे नवीन बांधकामाला परवानगी नाही. दुरुस्ती आणि नूतनीकरणाला अर्ज करता येतो, पण वास्तू १६ जून १९९२च्या आधीपासून उभी असल्याचा पुरावा हवा, किंवा नंतरची असेल तर ती पुरातत्त्व खात्याच्या मंजुरीने बांधलेली हवी. आणि "पाडून पुन्हा हुबेहूब तसंच बांधतो" याला कायदा दुरुस्ती म्हणत नाही. ती पुनर्बांधणी. तिला पुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, पहिल्या शंभरात नाही. अर्जात चुकून "पुनर्बांधणी" हा शब्द लिहिला गेल्यामुळे साधी दुरुस्तीही रखडू शकते.

३. मालकीचे कागद आधी जुळवा

जुन्या वाड्यांचं खरं दुखणं इथे असतं. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव, वारस पाच ठिकाणी, त्यातला एक परदेशी. आमच्या पत्रकावर वारलेल्या तीन माणसांची नावं होती. वारस नोंद करून घेण्यातच पाच महिने गेले. तेवढ्या वेळात नकाशे सहज तयार झाले असते, पण आम्ही आर्किटेक्टकडे गेलोच नव्हतो. ही दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा.

लागणारे कागद साधारण असे:

- चालू तारखेचं मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा
- मालमत्ता कराची भरलेली पावती, आणि जमतील तेवढ्या जुन्या पावत्या
- सगळ्या सहमालकांची संमतिपत्रं, किंवा एकाच्या नावे मुखत्यारपत्र
- भाडेकरू असतील तर त्यांच्या ताब्यातल्या जागेचा तपशील, आणि त्यांच्या भागात काम असेल तर त्यांचं लेखी ना हरकत पत्र
- परवानाधारक आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची नेमणूकपत्रं
- इमारतीच्या मजबुतीचा अहवाल
- आहे त्या स्थितीचे आणि करायच्या कामाचे नकाशे
- छायाचित्रं
- स्मारकाजवळ असाल तर स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा आणि वास्तू १९९२च्या आधीची असल्याचा पुरावा

जुन्या करपावत्या, वीजबिलं, भाडेपावत्या यांना रद्दी समजू नका. इमारत कधीपासून उभी आहे हे सिद्ध करताना त्याच उपयोगी पडतात. आमच्या आजीने तारेत ओवून ठेवलेल्या पावत्यांचा गठ्ठा माळ्यावर सापडला, आणि अर्जाला जोडायला सगळ्यात भक्कम पुरावा तोच ठरला.

भाडेकरूंशी सुरुवातीलाच बसून बोला. खालच्या दुकानदार काकांना वाटत होतं की दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना बाहेर काढायचा आमचा डाव आहे. एकदा घरी चहाला बोलावून नकाशा पुढ्यात ठेवला, दुकानाचं शटर किती दिवस बंद राहील ते लिहून दिलं, मग त्यांनी सही केली.

४. आज जे आहे त्याची नोंद करा

या पायरीवर घाई करू नका. आमचा पहिला अर्ज परत आला तो इथेच. त्यात मोबाईलवर काढलेले सहा फोटो होते, आणि कठड्याचा एकही जवळून नव्हता.

दुसऱ्या वेळेला जुन्या वास्तूंचं काम केलेली आर्किटेक्ट मिळाली. तिने दर्शनी बाजूचा प्रत्येक खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, वेगळा टिपला. रस्त्याच्या पलीकडून समोरासमोर एक फोटो, दोन्ही टोकांनी एकेक, मग प्रत्येक खांब, प्रत्येक खिडकी, प्रत्येक तडा, शेजारी मोजपट्टी धरून. फोटो सकाळी काढले, कारण आमची बाजू पूर्वेची आणि तिरप्या उन्हात गिलाव्याचे फुगवटे स्पष्ट दिसतात. शेजारच्या दोन-दोन घरांचेही फोटो घेतले, म्हणजे गल्लीची रेषा कळावी.

मग तिने खिडकीच्या चौकटीवर एक काम केलं. धारदार पात्याने अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत रंगाचे थर एकेक करून खरवडले, पायऱ्या पाडल्यासारखे. वरचा निळा ऑइलपेंट मी लहानपणापासून बघत आले होते. त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवाच पण गडद, मग विटकरी, आणि सगळ्यात खाली नुसतं तेल पाजलेलं सागवान. तेवढ्या जागेचा जवळून फोटो काढून तो अर्जाला जोडला. पुढे रंगाबद्दल एकही प्रश्न आला नाही, कारण आम्ही "चांगला दिसेल म्हणून" रंग मागत नव्हतो. लाकडाला पूर्वी काय होतं ते दाखवून तेच मागत होतो.

घरातले जुने फोटो काढा. लग्नाची वरात, मुंजीचा ग्रुप फोटो, गणपतीची मिरवणूक, यात मागे आपलं घर असतं. आमच्या कठड्याचे चार गज पूर्वीच गायब झाले होते. ते कसे होते हे आत्याच्या लग्नातल्या एका फोटोवरून कळलं.

५. काय करायचं ते ठरवताना

प्रस्ताव लिहिताना प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक शब्द येऊ द्या: राखणे, दुरुस्त करणे, बदलणे. "बदलणे" लिहिलं की का, ते पुढे लिहावंच लागतं. आमच्या पहिल्या अर्जात "सज्जा नवीन करणे" होतं. दुसऱ्यात तुळईचा कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा सांधणे, सहा खांबांपैकी पाच राखणे, एक बदलणे, कठड्याचे चार गज नवीन कातून घेणे, असं होतं. खर्चही कमी आला. पाडलेल्या वाड्यांचं सागवान लाकूडबाजारात मिळतं, आणि ते नव्या लाकडापेक्षा मुरलेलं असतं.

सिमेंटबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमची भिंत त्यानेच नासली होती. जुन्या वाड्यांच्या भिंती लाकडी सांगाड्यात विटा भरून मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. अशी भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती विटेत साचते आणि भिंतीत पुरलेल्या लाकडाकडे जाते. आमच्या तुळईचं टोक कुजलं ते बरोबर जिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सिमेंटचं ठिगळ लावलं होतं तिथेच. म्हणून गिलाव्यासाठी चुना, वाळू आणि विटेचा चुरा म्हणजे सुरखी, असं मिश्रण लिहा. मागच्या भिंतीवर दोन फूट लांब-रुंद नमुना करून ठेवा. पाहणीला आलेल्या माणसाला हात लावून बघता येतो, आणि मिस्त्रीला हे काम खरोखर येतं का तेही तुम्हाला कळतं. चुना मुरवायला काही आठवडे जातात आणि गिलावा हळूहळू, ओलसर ठेवत वाळवावा लागतो. भर पावसात किंवा वैशाखाच्या उन्हात हे काम धरू नका.

६. अर्ज आणि पाहणी

यादीतल्या वास्तूसाठी अर्ज महापालिकेकडेच जातो. तिथून तो वारसा समितीपुढे ठेवला जातो, समिती सल्ला देते, परवानगी आयुक्तांच्या अधिकारात निघते. म्हणजे समितीतल्या कोणाला भेटून काम होईल असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. आम्हालाही असा एक मध्यस्थ भेटला होता. त्याला दिलेले पैसे गेले आणि फाईल जिथल्या तिथेच राहिली.

स्मारकाजवळच्या घराचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे स्मारकांच्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, आता ऑनलाइन. कायद्यात मुदती लिहिलेल्या आहेत. सक्षम प्राधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची, त्यानंतर एका महिन्यात निर्णय. पूर्ण अर्ज गेला असेल तर या मुदतींवर बोट ठेवून विनंतीपत्र देता येतं. अपुरा असेल तर ते त्रुटी दाखवून परत पाठवतात आणि सगळं पहिल्यापासून.

महापालिकेच्या बाजूला लोक साठ दिवसांच्या कलमावर विसंबतात. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानता येतं, असं नगररचना कायदा म्हणतो. पुढची ओळ कोणी वाचत नाही: प्रस्ताव नियमांना काटेकोर धरून असेल तरच. वारशाची परवानगी बाकी असताना प्रस्ताव नियमांत बसतो असं कोणी म्हणणार नाही. या आधारावर काम सुरू करू नका.

पाहणीच्या दिवशी घरातलं सगळं जाणणारं एक माणूस हजर हवं. आर्किटेक्ट हवीच. शिडी तयार ठेवा, माळ्याची किल्ली शोधून ठेवा, छायाचित्रांचा छापील संच हातात ठेवा. विचारलेल्याचंच उत्तर द्या, आणि पूर्वी न विचारता काही केलं असेल तर लपवू नका. आम्ही खरवडलेला गिलावा आणि आलेली नोटीस, दोन्ही पहिल्याच मिनिटाला सांगितलं.

७. नकार आला किंवा अटी आल्या तर

सरसकट नकारापेक्षा अटी येतात. आम्हाला दोन आल्या: दुकानांची शटरं लाकडी फळ्यांच्या मागे घ्यायची आणि दर्शनी भिंतीवरच्या सगळ्या वायरी एका बाजूला करायच्या. पहिली खर्चाची होती. दुकानदार काकांची अडचण मांडून आम्ही लेखी पर्याय दिला, शटर तसंच ठेवून त्याची पेटी पाटीमागे झाकायची. तो मान्य झाला. अट जाचक वाटली तर ती गुपचूप मोडू नका. पर्याय काढा, रेखाटन जोडा, पुन्हा मागा.

महापालिकेने नाकारलंच तर आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. आदेशाचा लिफाफा जपून ठेवा, तारीख त्यावरच असते. स्मारकाच्या कायद्याखाली मात्र सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो, म्हणून तिथे सुनावणीची संधी वाया घालवू नका. तिथे परवानगीशिवाय बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

८. धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर

पावसाळ्याआधी अशा नोटिसा निघतात. ही नोटीस म्हणजे पाडण्याची मोकळीक नव्हे. माणसं हलवा, टेकू लावा, ते लगेच करायचंच. त्याच दिवशी फोटो काढून वारसा विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. जीव आधी, यात शंका नाही. पण टेकू लावणं आणि दर्शनी भिंत उतरवणं यात फरक आहे, आणि काही ठेकेदार तो मुद्दाम पुसतात.

९. काम सुरू झाल्यावर

महापालिकेची परवानगी एका वर्षापुरती असते. दर वर्षी वाढवून मिळते, पण ही वाढीव मुदत सगळी मिळून तीन वर्षांच्या वर नाही. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याच्या आधी द्या.

मंजूर नकाशाची एक प्रत कामाच्या जागी भिंतीला लावा. मिस्त्रीला नकाशा वाचता येत नसेल तर रोज सकाळी दहा मिनिटं उभं राहून त्या दिवसाचं काम दाखवा. आमच्याकडे एका सुताराने सगळ्यांत चांगला जुना खांब "साफ दिसावा म्हणून" तासायला घेतला होता. सुरुवातीलाच थांबवला म्हणून वाचला. काढलेलं काहीही फेकू नका. कौलं, बिजागऱ्या, कठड्याचे तुटके गज, सगळं खडूने क्रमांक टाकून मागच्या पडवीत रचून ठेवा. कातारी नवीन गज कातताना जुना समोर लागतोच.

काम उघडल्यावर आत अनपेक्षित काही निघालं, म्हणजे आणखी एक कुजलेली तुळई किंवा गिलाव्याखाली जुनी गणेशपट्टी, तर तिथे थांबा, फोटो काढा आणि विभागाला कळवा. आमची गणेशपट्टी अशीच निघाली, तीन थर चुन्याखाली. मंजूर नकाशात ती नव्हती. एक सुधारित पान जोडावं लागलं, नऊ दिवस गेले. आता ती दिंडी दरवाजाच्या वर मोकळी आहे. काम पूर्ण झाल्याचं पत्र देताना जोडायचे फोटो पहिल्या वेळी उभे राहिलो होतो त्याच जागांवरून काढा, रस्त्याच्या पलीकडून, सकाळच्याच उन्हात, म्हणजे तपासणाऱ्याला दोन्ही संच शेजारी ठेवून बघता येतात.